गणितानंद कापरेकर

नाशिक रोडहून मुंबईच्या दिशेने निघालेली आगगाडी पहिल्याच टप्प्यात देवळालीस येते. लष्कराची जुनी छावणी आणि कोरडी, निरोगी हवा यांसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. हवापालटासाठी येणारी मंडळी येथे महिना-पंधरा दिवस राहत आणि परत जात. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, याच गावातील शाळेत गणित शिकविणारे एक मास्तर दूरदेशीच्या गणितप्रेमी लोकांपर्यंत देवळालीचे नाव पोहोचवीत आहेत. आपण शोधून काढलेल्या काही संख्यांना त्यांनी देवळाली संख्या असेच नाव दिले होते. या मास्तरांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. लोक त्यांना गणितानंद म्हणून ओळखत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी समुद्रकाठच्या डहाणू गावी झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. आईवेगळ्या मुलाला वडिलांनी वाढविले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. ज्योतिषाविषयी कोणाचे मत काहीही असो. पंचांग पुढे घेऊन ग्रहांची गणिते मांडावयाची तर माणसाची आकडेमोड पक्की असावी लागते, एवढे खरे. वडिलांच्या त्या आकडेमोडीतून मुलाला अंकांची गोडी लागली आणि ती जन्मभर सुटली नाही. ठाण्यास माध्यमिक शिक्षण घेत असताना इतर मुले ज्या वेळात खेळत, त्या वेळात हा मुलगा गणिती कोडी सोडवीत बसे. त्याचा खेळ तोच होता.

इ. स. १९२३ मध्ये कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान मिळविणारे पहिले भारतीय रँग्लर परांजपे यांच्या नावाने एक पारितोषिक त्या वेळी दिले जात असे. विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने काही नवे गणित करून दाखवावे, अशी त्याची अट होती. १९२७ साली हे पारितोषिक कापरेकरांनी पटकाविले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. यापुढची कोणतीही पदवी त्यांनी घेतली नाही. देवळालीस शिक्षकाची नोकरी मिळाली, ती त्यांनी पत्करली आणि १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत ते त्याच गावी शिकवीत राहिले.

शिक्षकाचा दिवस कसा जातो, हे ज्याने तो पेशा केला आहे त्यालाच ठाऊक. घंटा, हजेरीपट, वह्यांचे गठ्ठे, परीक्षा आणि पुन्हा वह्या. या सगळ्यातून जो वेळ उरे, तो कापरेकर अंकांना देत. त्यांच्याजवळ कागद, पेन्सिल आणि चिकाटी यांखेरीज दुसरे साधन नव्हते. आपल्याला लागलेला छंद त्यांनी वर्गाबाहेर ठेवला नाही. अंकांच्या गमती सांगून ते विद्यार्थ्यांच्या मनात गणिताची आवड उत्पन्न करीत. आसपासच्या महाविद्यालयांतूनही त्यांना व्याख्यानासाठी बोलावणी येत.

आता त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाकडे वळू. त्याचे मर्म समजण्यासाठी आधी एक लहानसा खेळ पाहणे सोयीचे होईल.

निरनिराळ्या दोन अंकांची कोणतीही संख्या घ्यावी. समजा ७३ घेतली. तिचे अंक उलटून ३७ ही संख्या झाली. मोठीतून लहान वजा केली, ३६ उरले. आता खेळ दाखविणाऱ्याला उत्तराचा एकच अंक सांगावा, दुसरा तो न पाहता सांगतो! अंक ३ सांगितला तर तो ६ म्हणतो; कारण त्या दोन अंकांची बेरीज नेहमी ९ होते. पाहणाऱ्याला ही जादू वाटते. पण अंकांच्या जागी अक्षरे लिहिली की जादू कोठे लपली आहे ते दिसू लागते. दशकाचा अंक अ आणि एककाचा अंक ब असेल, तर मूळ संख्या १०अ + ब आणि उलटलेली संख्या १०ब + अ. वजाबाकी केली की ९अ − ९ब, म्हणजेच ९ × (अ − ब) उरते. अ आणि ब कोणतेही असोत, उत्तर नवाच्या पाढ्यातीलच येणार. आणि नवाच्या पाढ्यात नव्वदपर्यंतच्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज नऊच असते. (उत्तर नुसते ९ आले तर ते ०९ असे लिहावे.) बीजगणित म्हणतात ते हेच. सगळ्या संख्यांविषयी एकाच वेळी बोलण्याची सोय अक्षरांमुळे होते; नाही तर एकेक संख्या घेऊन बसावे लागले असते.

तीन अंकी संख्या घेतली तर मौज वाढते. या वेळी संख्या नुसती उलटावयाची नाही. तिच्या अंकांपासून होणारी मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या मांडून त्यांची वजाबाकी करावयाची. मोठ्या संख्येचे अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क असले, तर १००अ + १०ब + क यांतून १००क + १०ब + अ वजा करावयाचे. मधले १०ब दोन्हींकडे असल्यामुळे नाहीसे होते आणि ९९ × (अ − क) एवढेच उरते. अ − क हा फरक १ पासून ९ पर्यंतच असू शकतो. म्हणून तीन अंकी कोणतीही संख्या घ्या, पहिल्या वजाबाकीनंतर उत्तरे नऊच संभवतात. त्यांपैकी एक ९९० च्या अंकांचे घेऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करू.

९९० − ०९९ = ८९१
९८१ − १८९ = ७९२
९७२ − २७९ = ६९३
९६३ − ३६९ = ५९४
९५४ − ४५९ = ४९५

आता ४९५ चे अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडले, तर पुन्हा ९५४ आणि त्यातून ४५९ वजा करून पुन्हा ४९५. गाडी थांबली! उरलेली उत्तरेही याच ओळीत कोठे ना कोठे मिळतात, त्यामुळे तीन अंकांची प्रत्येक संख्या शेवटी ४९५ वर येते. तिन्ही अंक सारखे असतील तर मात्र पहिल्याच फेरीत शून्य येईल. तेवढ्या संख्या सोडून द्याव्यात.

चार अंकी संख्यांचे काय होत असेल? हा प्रश्न कापरेकरांनी धरला आणि १९४६ साली त्यांना त्याचे उत्तर सापडले. त्यांच्याच जन्मवर्षाचा आकडा, १९०५, घेऊन आपण ती कृती करून पाहू. शून्य मध्ये आले तर ते टाकावयाचे नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आणि पुढे? ६१७४ चे अंकही ७, ६, ४, १ हेच. म्हणून ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४. येथून पुढे जाणे नाही. देश स्वतंत्र झाला ते वर्ष घेतले, १९४७, तर ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२ या मार्गाने पाच वजाबाक्यांत आपण तेथेच पोहोचतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचा प्रवास ६१७४ वर संपतो. आणि सातांहून अधिक वजाबाक्या कधीच लागत नाहीत. १९०५ ला सातच्या सात लागल्या हे आपण पाहिलेच.

अशा ८९९१ संख्या आहेत. एवढ्या सगळ्या तपासल्याशिवाय ही गोष्ट खात्रीने कशी सांगता येईल? येथे पुन्हा अक्षरे उपयोगी पडतात. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड आहेत असे धरू. मोठ्या संख्येतून लहान वजा केली की ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढे उरते. म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. बाहेरच्या दोन अंकांचा फरक आणि आतल्या दोन अंकांचा फरक. बाहेरचा फरक १ ते ९ पर्यंत असू शकतो. आतला फरक बाहेरच्याहून मोठा होऊ शकत नाही, कारण ब आणि क हे अ आणि ड यांच्या दरम्यानच असतात. तेव्हा बाहेरचा फरक १ असेल तर आतला ० किंवा १, असे दोन प्रकार. बाहेरचा २ असेल तर तीन प्रकार. याप्रमाणे बाहेरचा ९ असेल तर दहा प्रकार. दोनपासून दहापर्यंतची बेरीज करावी, ती ५४ भरते. आठ हजार नऊशे एक्क्याण्णव वाटसरू पहिल्या वेशीतून आत शिरले की त्यांच्यासाठी चोपन्नच घरे असतात! त्यांतही अनेक घरांतील अंक तेच, केवळ क्रम निराळा. तसे पाहता निरनिराळी अशी तीसच उरतात. तीस वाटा पेन्सिलीने तपासणे हे एका सुट्टीच्या दुपारचे काम आहे. आणि ६१७४ स्वतः जागची का हलत नाही, तेही यातच दिसते. तिचा बाहेरचा फरक ७ − १ म्हणजे ६ आणि आतला ६ − ४ म्हणजे २. सहा वेळा ९९९ म्हणजे ५९९४, दोन वेळा ९० म्हणजे १८०. दोहोंची बेरीज ६१७४.

हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत जाहीर केला. पुढे १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात ६१७४ वरील त्यांचा लेख छापून आला. आज या संख्येला सर्वत्र कापरेकर स्थिरांक म्हणतात.

तथापि त्या काळी अनेक भारतीय गणितज्ञांनी कापरेकरांच्या कामाला हसण्यावारी नेले. अंकांची ही उलटापालट म्हणजे करमणूक आहे, गणित नव्हे, असे त्यांना वाटे. त्यांच्या म्हणण्यात मुळीच तथ्य नव्हते असे नाही. आपण दहाच्या पटीने मोजतो म्हणून ६१७४ ही संख्या जादूची ठरते. माणसाला हाताची आठच बोटे असती आणि आपण आठाच्या पटीने मोजीत असतो, तर ही संख्या या कारणाने कोणाच्या ध्यानातही आली नसती. संख्येचा स्वतःचा गुण निराळा आणि ती लिहिण्याच्या पद्धतीमुळे दिसणारा गुण निराळा. मोठ्या गणितज्ञांचे लक्ष पहिल्याकडे असते. परंतु मला असे वाटते की, हसणाऱ्यांनी एक गोष्ट विचारात घेतली नाही. एखादी कृती वारंवार करीत गेल्यास ती कोठे थांबते, थांबते की फिरत राहते, किती पावलांत थांबते, हे प्रश्न पोरकट नाहीत. ते कोणत्याही पद्धतीने लिहिलेल्या संख्यांना विचारता येतात आणि पुढे ते विचारलेही गेले.

कापरेकर या हसण्याने खट्टू होऊन बसले नाहीत. नियतकालिकांनी घेतले तेवढे लेख त्यांनी तेथे दिले. उरलेले लेखन लहान लहान पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच देवळालीहून प्रसिद्ध केले. आज त्या पुस्तिका हाती आल्या तर त्यांवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव आढळते. शाळामास्तराच्या पगारात पुस्तके छापणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

या पुस्तिकांतून आणि लेखांतून संख्यांची किती कुळे त्यांनी नांदविली! नावे ठेवण्याची तर त्यांना मोठी हौस. जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो नावाच्या स्थानकावर त्यांना एक कल्पना सुचली, म्हणून त्या संख्या डेम्लो संख्या झाल्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. चढून उतरणाऱ्या या संख्या त्याच घराण्यातील. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद म्हटले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १२ च्या अंकांची बेरीज ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो. म्हणून १२ ही हर्षद. आपली ६१७४ सुद्धा हर्षदच आहे. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ ला १८ ने भागले की ३४३ येतात. हे ३४३ म्हणजे पुन्हा ७ × ७ × ७!

स्वतःच्या गावाचे नाव त्यांनी दिले त्या देवळाली संख्यांना स्वयंभू संख्या असेही म्हणतात. हे नाव मला फार आवडते. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, म्हणजे नवी संख्या जन्मास येते. २३ मध्ये २ + ३ मिळविले की २८. २८ मध्ये १० मिळविले की ३८. मग ४९, ६२, ७०. याप्रमाणे प्रत्येक संख्या दुसरीला जन्म देते. पण काही संख्या अशा आहेत की त्यांना जन्म देणारी संख्याच सापडत नाही. २० घ्या. १४ पासून १९ होतात, १५ पासून २१ होतात. २० कोणापासूनही होत नाहीत. एखादे देवस्थान कोणी न स्थापिता आपोआप प्रकट झालेले मानतात, त्याला आपण स्वयंभू म्हणतो. तशाच या संख्या. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ या शंभराच्या आतील स्वयंभू संख्या होत. याउलट १०१ या संख्येला जन्म देणाऱ्या दोन संख्या आहेत. ९१ पासूनही ती होते आणि १०० पासूनही होते.

या साखळीचा एक सुंदर खेळ आहे. वर आपण २३, २८, ३८, ४९, ६२, ७० अशी साखळी केली. तिच्यातील सर्व संख्यांच्या सर्व अंकांची बेरीज किती? एकेक अंक मोजणारा ५ + १० + ११ + १३ + ८ + ७ असे करीत बसेल. युक्ती जाणणारा शेवटच्या ७० मधून पहिले २३ वजा करतो, ४७ येतात. त्यांत शेवटच्या संख्येच्या अंकांची बेरीज ७ मिळवितो आणि ५४ म्हणून मोकळा होतो. साखळी शंभर कड्यांची असली तरी त्याला तेवढाच वेळ लागतो. असे का होते, हे थोडा विचार केल्यास कळेल. प्रत्येक पावलाला आपण त्या संख्येच्या अंकांची बेरीजच पुढे चढत असतो; म्हणून २३ पासून ७० पर्यंतची सगळी चढण म्हणजे शेवटची सोडून बाकीच्या संख्यांच्या अंकांची बेरीज. राहिली शेवटची, ती वेगळी मिळवावी.

आणखी एका कुळाला तर कापरेकरांचेच नाव मिळाले आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करून २० आणि २५ यांची बेरीज केली की पुन्हा ४५. (इ. स. २०२५ हे वर्ष आले तेव्हा अनेकांना या संख्येची आठवण झाली असेल.) ५५ चा वर्ग ३०२५, ३० आणि २५ मिळून ५५. ९९ चा वर्ग ९८०१. ९८ आणि ०१ मिळून ९९. यांना कापरेकर संख्या म्हणतात. दोन अंकी संख्यांत त्या एवढ्या तीनच आहेत. आणि चौथी का नाही, ते अक्षरे सांगतात. संख्येला स म्हणू. तिच्या वर्गाचे तुकडे अ आणि ब. मग स × स = १००अ + ब, आणि स = अ + ब. पहिल्यातून दुसरे वजा करावे; स × (स − १) = ९९ × अ. म्हणजे शेजारी-शेजारी असलेल्या दोन संख्यांच्या गुणाकाराला ९९ ने, अर्थात ९ ने आणि ११ ने, भाग गेला पाहिजे. शेजारच्या दोन संख्यांना तीनने एकाच वेळी भाग जात नाही, म्हणून नऊ कोणा एकीतच सामावलेले असणार, अकराचेही तसेच. ९९ पर्यंत अशा जोड्या शोधल्या तर ४४ आणि ४५, ५४ आणि ५५, ९८ आणि ९९ एवढ्याच सापडतात. त्याहून मोठ्या संख्यांत २९७ आणि ७०३ याही कापरेकर संख्या आहेत. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे तुकडे ८८ आणि २०९.

१९६२ साली कापरेकर सेवानिवृत्त झाले. पुढील वर्षे सुखाची गेली असे म्हणता येत नाही. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांची राहणी अगदी साधी होती, खर्च म्हणावा असा काही नव्हता. तरी निवृत्तिवेतनात भागेना. ज्यांचे लेख परदेशात वाचले जात होते, त्या गृहस्थांना उतारवयात गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. दिवसा मुलांना अपूर्णांक आणि त्रैराशिक शिकवावे आणि वेळ मिळताच आपल्या संख्यांकडे वळावे, असा त्यांचा क्रम चालूच राहिला.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांवर लेख लिहिला. गार्डनर यांचे गणिती खेळांवरचे सदर त्या काळी जगभर आवडीने वाचले जाई. गंमत अशी की, गार्डनर यांच्यापाशीही गणिताची पदवी नव्हती. त्या लेखामुळे हजारो वाचकांनी देवळालीच्या मास्तरांची वजाबाकी आपापल्या घरी करून पाहिली. सत्तर वर्षांच्या वयात कापरेकरांना दूरदूरच्या देशांत वाचक मिळाले. तोवर संगणक आले होते. कापरेकरांनी पेन्सिलीने शोधलेल्या वाटा पुढे कोठवर जातात, हे इतरांनी तपासण्यास आरंभ केला. पाच अंकी संख्या कोणत्याही एका संख्येवर स्थिर होत नाहीत, त्या काही ठरावीक फेऱ्यांत घाण्याच्या बैलाप्रमाणे फिरत राहतात, असे आढळून आले. ५९९९४ पासून आरंभ केल्यास ५३९५५ आणि पुन्हा ५९९९४ अशी दोहोंचीच येरझार कशी चालते, हे वहीत सहज करून पाहता येईल.

इ. स. १९८६ मध्ये कापरेकर वारले. तेव्हा त्यांचे वय ८१ वर्षांचे होते. ही संख्या हर्षद आहे की नाही, ते ८ + १ ने भागून पाहावे.